कापून टाकलेले दहा मिलिसेकंद

"पाच... चार... तीन..."

यंत्र चालवणारे तांबोळीचाचा उलटे आकडे मोजायला लागले की कंट्रोल रूममध्ये कोणी खोकायचंसुद्धा नाही. मी तर त्या खोलीतली पाहुणीच. माझं नेहमीचं स्टूल त्या दिवशी कोणीतरी पंखा पुसायला पळवलं होतं, म्हणून घनतेच्या पडद्यासमोरची खुर्ची मी बळकावली होती. खुर्चीचे मालक मेहेंदळे रजेवर होते. नाहीतर तिथे बसायची माझी काय टाप होती!

"दोन... एक... शॉट!"

भिंतीपलीकडे धप्प झालं, पायाखालची फरशी किंचित हादरली आणि सगळे आपापल्या पडद्याकडे वळले.

"दिवा गेला," चाचा म्हणाले.

"परत?" यंत्राचे प्रमुख केळुसकर सरांनी हातातलं पेन टेबलावर टाकलं. "आठवड्यात तिसऱ्यांदा! बीमची ताकद वाढवली की हे ठरलेलंच. खाली आणा. पाचशेवर आणा."

वीस वर्षं होऊन गेली त्याला. नगरच्या पुढे एका उघड्या माळावर आमची संस्था होती आणि तिथे 'अरणी' नावाचं एक यंत्र होतं. मेदूवड्याच्या आकाराचं, पुरुषभर उंचीचं पोकळ पोलादी भांडं. त्यात हायड्रोजन भरायचा, तो तापवून तापवून त्याचा प्लाझ्मा करायचा आणि तो भिंतीला लागू नये म्हणून त्याला चुंबकांनी अधांतरी धरून ठेवायचं. सूर्यात जे चालतं ते माळावर करून बघायचं, एवढाच आमचा माफक बेत. प्लाझ्मा एका वेळी जेमतेम सेकंदभर टिकायचा, त्याला आम्ही शॉट म्हणायचो. बुधवारचा हा शॉट चार हजार चारशे सतरावा होता.

दिवा म्हणजे खरा दिवा नव्हे. प्लाझ्माच्या कडेला जो गुलाबी उजेड पडतो तो मोजणारा एक काचेचा डोळा यंत्राला बसवलेला होता. उजेड आहे म्हणजे प्लाझ्मा आहे, उजेड गेला म्हणजे प्लाझ्मा गेला, असा साधा हिशेब. आणि प्लाझ्मा गेला असेल तर बीम त्याच क्षणी बंद झालाच पाहिजे. हा बीम म्हणजे प्लाझ्मा तापवायला बाजूने सोडलेला वेगवान अणूंचा झोत. मधे प्लाझ्मा नसेल तर तो सरळ समोरच्या भिंतीवर आदळतो आणि पोलादाला भोक पाडतो. म्हणून दिवा गेला की इंटरलॉक नावाचा सुरक्षा-खटका आपोआप बीम तोडायचा, गॅस तोडायचा आणि शॉट खलास व्हायचा. चाचा रजिस्टरमध्ये लिहायचे, 'दिवा गेला. शॉट वाया.'

तेही तेच लिहीत होते आणि मी घनतेच्या पडद्याकडे बघत होते.

प्लाझ्मा गेला असेल तर घनता धाडकन खाली यायला हवी. माझ्यासमोरची रेषा दिवा गेला त्या क्षणी वर चढली होती. फार नाही, नखाएवढी. दहा मिलिसेकंद चढली आणि मग बीम तुटल्यावर कोसळली.

"चाचा, हे बघा ना," मी म्हटलं.

"तो कचरा असतो ताई," चाचा रजिस्टरातून मान वर न करता म्हणाले. "दिवा गेल्यानंतरचं कायपण धरायचं नसतं. फाइल बनती तवाच तितनं पुढचं कापून टाकतो आपण."

"गायधनी," केळुसकर सर खुर्ची माझ्याकडे न वळवताच म्हणाले, "शनिवारच्या कमिटीसाठी तुमच्या विभागाचा अहवाल तयार आहे ना?"

"आहे सर."

"दोन पानांपेक्षा जास्त नको. कमिटीला सिनेमा बघायला वेळ नाहीये."

दोघंतिघं हसले. माझ्या कामाला तिथे 'सिनेमा' म्हणत. सांगते का ते.

प्लाझ्मा शांत बसत नाही. त्याच्यात लहानमोठे भोवरे उठतात, उकळत्या आमटीत उठतात तसे, आणि ते भोवरे मधली उष्णता ओढून काठाला आणून टाकतात. म्हणून हवं तेवढं तापवा, मधला भाग तापता तापत नाही. जगभरचे लोक या खळबळीने हैराण झालेले. माझं काम म्हणजे ही खळबळ संगणकावर उभी करायची. अठ्ठेचाळीस संगणक एकमेकांना जोडून एका खोलीत ठेवले होते, त्यांच्यावर माझा प्रोग्रॅम तीन-तीन आठवडे चालायचा आणि शेवटी रंगीत भोवऱ्यांची दोन मिनिटांची फिल्म निघायची. मूळ प्रोग्रॅम बिवलकर सरांचा. ते निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं मी एकटी त्याच्याशी झटत होते. आणि त्या सहा वर्षांत प्रयोगवाल्यांना उपयोगी पडेल असं एकही वाक्य माझ्या खोलीतून बाहेर पडलेलं नव्हतं.

त्यामुळे शनिवारी काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. विभाग बंद. माझी रवानगी पाणी थंड करणाऱ्या पंपांकडे. पंपवाले लोक चांगले होते, पण त्या नुसत्या कल्पनेनेही मला रडू यायचं. आणि शुक्रवारी संध्याकाळी अरणी दुरुस्तीसाठी उघडणार होते. एकदा उघडली की वर्षभर शॉट नाही. म्हणजे माझ्याकडे काही सांगण्यासारखं असलंच, तर ते सांगायला पुरते दोन दिवस उरले होते.

जेवणाच्या सुट्टीत मी चाचांच्या टेबलाशी गेले. ते डबा उघडून बसले होते.

"चाचा, न कापलेल्या फाइली कुठे असतात?"

"माझ्याकडं. पण कुणाला सांगू नका," चाचा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. "साहेब म्हणतेत फेकून दे, जागा अडती. मला फेकवत नाय. आपल्या हाताखालनं गेलेला शॉट हाये, वाया गेला म्हणून काय झालं!"

"दिवा गेलेले किती असतील?"

त्यांनी रजिस्टरं काढली. तीन वर्षांची तीन. बोट लावून त्यांनी पानं उलटली. एकतीस शॉट निघाले.

दुपारभर मी एकतीस फाइली उघडल्या. एकतिसांतल्या एकतीस ठिकाणी दिवा गेल्यावर घनता चढलेली होती. प्रत्येक वेळी इंटरलॉकने मान मुरगाळेपर्यंत. आणि प्रत्येक वेळी बीमची ताकद सहाशे किलोवॉटच्या वर होती. एकसुद्धा अपवाद नाही.

सहाशे हा आकडा मी आधी पाहिलेला होता.

पाच वाजता मी केळुसकर सरांच्या दारात उभी राहिले. सर मालवणकडचे, उंचेपुरे, आवाज बंदरावर हाका मारायला असतो तसा. मनाने वाईट मुळीच नव्हते. पण यंत्र त्यांनी स्वतः बोल्ट पिळून उभं केलेलं, त्यामुळे ज्याच्या हाताला ग्रीस नाही त्याच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसत नसे.

मी आलेख त्यांच्यासमोर पसरले. "सर, प्लाझ्मा जात नाहीये. दिवा जातो, पण प्लाझ्मा राहतो. उलट सुधारतो. काठाला खळबळ थांबते, बाहेर गळती होत नाही, म्हणून काठाचा उजेड कमी होतो आणि घनता वाढते. आपण त्याच क्षणी बीम तोडतो."

"परदेशात मोठ्या यंत्रांवर होतं असं," सर म्हणाले. "आपल्या यंत्राच्या ताकदीत ते बसत नाही. हे मी म्हणत नाहीये बाई, तू म्हणतेस." त्यांनी कपाटातून एक अहवाल ओढला. माझाच होता, महिन्यापूर्वीचा. "वाच. पान अकरा. 'अरणीमध्ये आठशे किलोवॉटपर्यंत खळबळ कमी होण्याची कोणतीही शक्यता दिसत नाही.' सही कोणाची?"

"माझी."

"मग? महिन्याभरात निसर्ग बदलला?"

आलेख गोळा करून 'बघते पुन्हा' म्हणून निघून जायचं, पाणी-पंपांकडे मुकाट्याने रुजू व्हायचं, एवढं सोपं होतं ते. मी कागद गोळासुद्धा केले. आणि मग का कोण जाणे, परत खाली ठेवले.

"सर, तो अहवाल खोटा आहे."

"म्हणजे?"

"दोन वर्षांपूर्वी प्रोग्रॅमने वेगळंच सांगितलं होतं. सहाशेच्या पुढे भोवऱ्यांतूनच आडवे प्रवाह तयार होतात. पट्ट्यापट्ट्यांनी, एक इकडे वाहतो, शेजारचा तिकडे. ते भोवऱ्यांना फाडून टाकतात. खळबळ स्वतःच्याच हाताने मरते. पण यंत्रावर तसं कधी दिसत नव्हतं. मला वाटलं, माझंच चुकतंय. मी सहा महिने चूक शोधली. सापडली नाही. मग मी त्या प्रवाहांवर एक लगाम घातला. एक आकडा. तो वाढवत वाढवत नेला, माझं उत्तर तुमच्या मोजमापाशी जुळेपर्यंत. जुळल्यावर थांबले."

"आणि हे कुठे लिहिलं नाहीस."

"तळटीप होती. लहान अक्षरात."

सर उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे दीड वर्ष," ते सावकाश म्हणाले, "मी तुझ्या अहवालात माझंच मोजमाप वाचत होतो. आणि म्हणत होतो, वा, यंत्र बरोबर चाललंय, गायधनीचा प्रोग्रॅमसुद्धा तेच म्हणतोय."

"हो सर."

"तुला लाज वाटते का?"

"वाटते."

"मला पण वाटतेय," सर म्हणाले. "मी तुला एकदाही विचारलं नाही. सिनेमा, सिनेमा म्हणून हसलो. हसणाऱ्याला कोण खरं सांगणार!" ते वळले. "पण या घडीला तुझ्या शब्दावर मी यंत्र चालवू का? कालपर्यंत तू एक सांगत होतीस, आज दुसरं. लगाम काढून परत चालव आणि दाखव."

"तीन आठवडे लागतात. शुक्रवारी यंत्र उघडतंय."

"मग?"

"पहिली, लगाम नसलेली आवृत्ती मी पुसलेली नाही. टेपवर आहे. तारखेसकट."

मला ती का पुसवली नाही, हे मी आजही नीट सांगू शकत नाही. खोटं लिहिणाऱ्यालाही खरं कुठेतरी जपून ठेवावंसं वाटत असावं. सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी नऊ वाजता. टेप घेऊन ये. आणि गायधनी, उद्या जर जुळलं नाही ना, तर शनिवारी कमिटीला ही तळटीप मी स्वतः वाचून दाखवीन."

गुरुवारी सकाळी टेप लागली. दोन वर्षांपूर्वीचे माझे आकडे पडद्यावर उतरले. प्रवाह उठायचा बिंदू सहाशे वीस किलोवॉट. चाचांच्या एकतीस शॉटांतला सर्वांत कमी ताकदीचा शॉट सहाशे अठरावर होता. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे मागून जुळवणं झालं," ते म्हणाले, पण आवाज उतरला होता. "पुढचं सांग. इंटरलॉक नसता तर काय दिसलं असतं? आधी लिहून दे. मग बघू."

मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. दिवा निम्म्याखाली येईल. काठाची खळबळ दोन मिलिसेकंदांत बसेल. काठाचं तापमान दुप्पट होईल. घनता चढत राहील. बीम चालू आहे तोवर हे टिकेल. खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली.

"आता तांबोळींना बोलाव," सर म्हणाले.

इंटरलॉक बाजूला करायची किल्ली चाचांच्या कमरेला असायची. ती त्यांच्या मर्जीशिवाय संचालकांनाही मिळत नसे, असा तिथला नियम होता, आणि नियमामागे कारण होतं. चाचांनी आमचं म्हणणं उभ्याउभ्याच ऐकलं.

"नाय," ते म्हणाले.

"तांबोळी..."

"साहेब, तुम्हाला ठावं हाये. अकरा वर्षांमागं प्लाझ्मा गेला आन् बीम राहिला. समोरची भिंत फुटली, आतमधी पाणी घुसलं. आठ महिने मी त्या भांड्यात पालथा पडून घासत होतो. तवा हा दिवा मी बसवला. माझ्या हातानं. त्यानंतर येक भोक पडलं नाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन् आता ताई म्हणतेत, दिव्यानंच सगळं बिघडवलं."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. ज्या गोष्टीचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान, तिनेच एकतीस वेळा आमच्या तोंडचा घास काढला होता.

"दिव्यानं यंत्र वाचवलं चाचा," मी म्हटलं. "पण त्याला दोन गोष्टींतला फरक कळत नाही. प्लाझ्मा मेलाय का शांत झालाय. मलासुद्धा कळला नव्हता. मी तर त्याच्यावर सही केलीय."

चाचांनी कमरेची किल्ली काढून बोटांत फिरवली.

"दिवा काढणार नाय," ते शेवटी म्हणाले. "पण दुसरा पहारेकरी बसवतो. प्लाझ्मात करंट वाहतो का नाय? करंट हाये तवर प्लाझ्मा हाये, मग उजेड असो नसो. इंटरलॉकची तार दिव्यावरनं काढून करंटवर टाकतो. करंट पडला की बीम तुटंल. भिंत बी वाचंल आन् ताईंचं बी होईल."

केळुसकर सर त्यांच्याकडे बघतच राहिले. "हे तुम्हाला आधी का नाही सुचलं?"

"कुणी इचारलं नाय," चाचा म्हणाले.

शुक्रवारी सकाळभर चाचा यंत्राखाली आडवे होते. मी कंदिलासारखा हातदिवा धरून शेजारी उकिडवी बसले होते, कारण घरी जाऊन करणार काय! त्यांनी तार जोडली, तीनदा तपासली, चौथ्यांदा मला तपासायला लावली. बारा वाजता ते कपडे झटकत उभे राहिले आणि म्हणाले, "चला. जे व्हायचं ते हू द्या."

दुपारी कंट्रोल रूममध्ये ही गर्दी. बातमी कशी पसरली देव जाणे. पंपवालेसुद्धा येऊन दारात उभे होते, आपल्याकडे येणारं माणूस कसलं आहे ते बघायला असावेत. मेहेंदळे रजा मोडून आले होते, त्यांच्या खुर्चीवरून मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा हो, बसा. आज तुमचीच आहे ती."

पहिला शॉट पावणेतीनला. बीम सुरू व्हायच्या आधीच त्यात ठिणगी पडली आणि तो स्वतःच बंद झाला. प्लाझ्मा थंडपणे सेकंदभर जगला आणि गेला. दुसऱ्या शॉटला गॅस जास्त पडला, तोही वाया. आता साडेतीन झाले होते, आणि पाच वाजता चुंबकांचा पुरवठा तोडून भांडं उघडायची सुरुवात व्हायची होती.

"बीम किती?" चाचांनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साडेसहाशे."

"साडेसहाशे," सर म्हणाले.

"पाच... चार... तीन... दोन... एक... शॉट!"

धप्प झालं. एक सेकंद म्हणजे किती असतो हे मला त्या दिवशी कळलं. त्यात मी माझी सहा वर्षं, पंपांची घरघर, समोरच्या भिंतीला पडलेलं भोक, सगळं पाहून परत आले. मग पडदे उजळले.

"दिवा गेला," चाचांच्या तोंडून सवयीने निघालं.

पण बीम तुटला नव्हता.

दिव्याची रेषा तीनशे मिलिसेकंदांशी चाकूने कापल्यासारखी खाली आली होती आणि खालीच राहिली होती. खळबळीचा पडदा, ज्याच्यावर मी सहा वर्षांत कधी नुसतं केसाळ गवत सोडून काही पाहिलं नव्हतं, तिथे एक बारीक, स्वच्छ रेघ होती. आणि माझ्यासमोरची घनता चढत होती. दहा मिलिसेकंद नव्हे. शंभर. दोनशे. पाचशे. बीमचा वेळ संपेपर्यंत ती चढतच गेली होती, आणि शेवटी शिस्तीत, सावकाश खाली उतरली होती.

"करंट?" सरांनी विचारलं.

"शेवटपर्यंत," चाचा म्हणाले. "भिंतीला चटका नाय. कायपण नाय."

"काठाचं तापमान?"

कोपऱ्यातून कोणीतरी आकडा वाचला. दुप्पट नव्हतं. दुपटीच्या वर होतं.

"ह्यां काय गो झालां!" केळुसकर सर मालवणीत ओरडले. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांना ऑफिसात मालवणी बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. मग एकच कल्ला उडाला. मेहेंदळे टेबलावर थापा मारत होते, पंपवाले टाळ्या पिटत होते, आणि ज्यांनी बुधवारी सिनेमा म्हणून हसून घेतलं होतं ते दोघंतिघं माझ्या पडद्यावर असे वाकले होते की मला माझाच पडदा दिसेना. मी रडत होते. लपवलंही नाही. आयुष्यात इतका निखळ आनंद मला पुन्हा झालेला नाही. लग्नात नाही, पुढे मिळालेल्या मानसन्मानांत नाही. एक गोष्ट मी आधी सांगितली होती आणि ती तशी घडली होती, बस्स.

चाचा मात्र जागेवरच बसले होते. त्यांचे डोळे भरले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "एकतीस येळा ताई. एकतीस येळा ते आलं होतं दारात."

"तुम्ही फाइली फेकल्या असत्या तर आपल्याला ते कधीच कळलं नसतं," मी म्हटलं.

"ते बी खरं," ते म्हणाले आणि बाहीने डोळे पुसले.

"एकदा झालं म्हणजे काही झालं नाही," सर ओरडले. "परत! तेच आकडे!"

परत झालं. तिसऱ्यांदा झालं. साडेसहाशेला दर वेळी आणि पाचशे ऐंशीला एकदाही नाही, अगदी माझ्या टेपवर होतं तसं. पावणेपाचला चौथा नेम लागला तेव्हा सरांनी आपली खुर्ची गर्रकन फिरवली. माझ्याकडे तोंड करून, समोरासमोर. आजूबाजूचा गलका आपोआप विरला.

"साडेसातशेला काय होईल?" त्यांनी विचारलं. "टिकेल का फुटेल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या घडीला मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. जिभेवर 'टिकेल' आलंही होतं.

"माहीत नाही सर," मी म्हटलं. "साडेसातशेचं लगाम न घालता मी कधी चालवलेलंच नाही. चालवून बघावं लागेल."

"किती दिवस?"

"एकोणीस. वीससुद्धा लागतील."

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा कमी होते. बाहेर दुरुस्तीवाले पाने-हातोडे घेऊन उभे होते. सरांनी टेबलावरचा फोन ओढला आणि संचालकांचा नंबर फिरवला.

"केळुसकर बोलतोय. भांडं उघडायचं रद्द करा. हो, आजचं. शनिवारच्या यादीतला तो विभाग बंद करायचा विषयसुद्धा काढून टाका... कारण? कारण गायधनींचा प्रोग्रॅम चालायचा आहे." ते माझ्याकडे बघून क्षणभर थांबले. "वीस दिवस लागणार म्हणतायत. तोवर यंत्र त्यांची वाट बघेल."